बायकोची वाक्यं आणि इतर जंगम मिळकत

मी, खाली थरथरती सही करणार, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी सिनेमे काढणं आणि हल्ली औषधं घेणं, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि तुमचा एकही सिनेमा मी पाहिलेला नाही असं सांगितलं. तिसऱ्या गोष्टीने मला सगळ्यात बरं वाटलं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही, कोणी मला फूस लावलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, सबब रद्द करण्यासारखं काही नाही. रद्द करावंसं जे आहे ते पडद्यावर आहे आणि ते कायद्याने रद्द होत नाही, असं वकील म्हणतात.

वकील म्हणजे माझा भाचा. हात थरथरतो म्हणून मी पलंगावर बसून सांगतो आहे आणि तो टाइप करतो आहे. सुरुवातीलाच तो म्हणाला, "मामा, मृत्युपत्रात विनोद नको. कोर्टात वाचतात हे."

मी म्हटलं, "मग तिथे तरी कोणी हसेल. माझ्या शेवटच्या दोन सिनेमांना कोणी हसलं नव्हतं. मी बोलेन ते सगळं घे."

साक्षीदार दोघेही, त्यातल्या एक याच डॉक्टरीणबाई, हजर असून खिडकीजवळ चहा घेत बसले आहेत. माझी पत्नी स्वयंपाकघरात शेंगा निवडते आहे. मधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवायला सांगितलं आहे. जे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही ते मी भाच्याला मोठ्याने सांगणार आहे. माणसाने बायकोशी वकिलामार्फत बोलावं, आणि तेही घटस्फोट नसताना, ही लाजिरवाणीच गोष्ट आहे. पण आता माझ्याकडे दुसरी रीत उरलेली नाही.

कलम एक. राहती जागा, तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आतल्या सामानासकट, माझ्या पश्चात माझ्या पत्नीच्या एकटीच्या मालकीची होईल. मुलीची हरकत नाही, तसं तिने फोनवर सांगितलं आहे. न्हाणीघराच्या दाराची कडी सैल आहे. ती नीट बसवून घ्यावी. मी कित्येक वर्षं आज करतो, उद्या करतो म्हणत आलो. त्या दारापाशी उभं राहायचं मी टाळतो, त्याचं कारण पुढे येईल.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते निम्मं पत्नीला, निम्मं मुलीला. यावर भाष्य करण्याइतकं ते नाही.

कलम तीन. अवजारं आणि सामान. इथे थोडा खुलासा हवा. मी सात सिनेमे काढले आणि सातही सिनेमांची गोष्ट एकच होती. बायका बंड करून राज्य घेतात, नवऱ्यांना एप्रन बांधून चुलीपुढे बसवतात, नवरे माळ्यावर चोरून फौज उभारतात, मग मोठी लढाई होते. लाटणी, उशा, पिठाच्या पिशव्या, डोक्यावर शिरस्त्राण म्हणून चाळण्या. 'मिशा खाली!' हा पहिला, तो चालला, त्यातून ही जागा झाली. 'ग्रहावरच्या बायका' मध्ये हेच सगळं दुसऱ्या ग्रहावर घडवलं. ग्रह म्हणजे खडीची खाण. यान म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी आणि तिच्यात बसवलेलं बसचं जुनं स्टिअरिंग.

दोन फौजांना पुरतील इतकी माणसं मला कधीच परवडली नाहीत. म्हणून जी डझनभर मिळत, त्यात बाया आल्या, बाप्ये आले, तीच जेवणाआधी मिशा चिकटवून नवऱ्यांची फौज व्हायची आणि जेवणानंतर लांब केसांचे टोप घालून बायकांची. आधी डावीकडून धावायची, मग उजवीकडून. कापून जोडलं की झाली लढाई. एकदा डिंक असा काही चिकटला की एका गड्याची मिशी निघेना. ऊन उतरायला लागलं होतं. मी म्हटलं, राहू दे, मागच्या रांगेत उभा राहा. तो हौशी माणूस, पुढच्या रांगेत आला. टोप, गळ्यात माळ आणि ही एवढी मिशी.

गेल्या महिन्यात सिनेमा मंडळाची एक चष्मेवाली हुशार मुलगी मला भेटायला आली होती. तिने विचारलं, "सर, ती मिशीवाली बाई म्हणजे तुमचं विधान होतं ना? स्त्री आणि पुरुष ही निव्वळ वेषभूषा आहे असं?"

मी म्हटलं, "हो, विधानच."

तिने मान डोलावली आणि माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की मला पाणी मागावं लागलं. इथे शपथेवर सांगतो की ते विधान नव्हतं, डिंक होता.

टोप ज्यांचे होते ते टोपवाले आज साक्षीदार म्हणून हजर आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं भाचा म्हणतो. टोपवाले म्हणाले, "मला काही नको, माझे टोप तेवढे परत द्या." सबब माळ्यावरच्या पेटीतले टोप त्यांना मिळणं ही देणगी नसून, नेलेली वस्तू जागेवर ठेवणं आहे. चाळण्या पत्नीच्या आहेत. त्या मी तिला न विचारता नेल्या आणि पोचे आणून परत केल्या.

बसचं स्टिअरिंग मुलीला. लहानपणी ती त्या टाकीत बसून तासन् तास यान चालवायची. तिला शाळेत पोरं विचारायची, "तुझी आई वडलांना खरंच लाटण्याने मारते का गं?" तिने घरी येऊन आईला विचारलं. आई कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "अजून नाही."

कलम चार. आमचे नायक, ज्यांना सगळे 'मिशी' म्हणत आणि अजून म्हणतात, त्यांना खोट्या मिशांचा डबा द्यावा. त्यातली सगळ्यात भरघोस मिशी त्यांची नाही, बायकांच्या फौजेची पुढारी व्हायच्या त्या नटीची, आमच्या सेनापतीणबाईंची आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावं. हे गृहस्थ ठिकठिकाणी सांगत फिरतात की माझ्या सिनेमातली गाजलेली वाक्यं त्यांनी ऐन वेळी सुचवली. "अजून नाही" हे वाक्य तर ते स्वतःच्या नावावर खपवतात आणि टाळ्या घेतात. याचा मला अनेक वर्षं संताप होता. मी त्यांना एकदा भर लग्नात सुनावलंही होतं, की दुसऱ्याचं वाक्य चोरताना लाज वाटत नाही का. तेव्हा माझी पत्नी माझ्या शेजारी ताट घेऊन उभी होती. ती ताटात पाहत राहिली. मला घरी पोचेपर्यंत काही कळलं नाही. मिशीसाहेबांवरची माझी तक्रार मी इथे मागे घेतो. चोराच्या घरी चोरी झाली, एवढंच त्यात होतं.

कलम पाच. खिशातलं पेन. याचं काय करावं ते मला ठरवता येत नाही, म्हणून आधी त्याची हकिगत सांगतो.

माझी बायको विनोदी होती. 'होती' म्हणताना मला भाच्याकडे बघवत नाही, कारण ती तिकडे बसली आहे. लग्न झालं तेव्हा मी एक रडका सिनेमा लिहीत होतो. एका सकाळी माझा चष्मा सापडेना, तो माझ्या कपाळावर होता. ती म्हणाली, "बायकांचं राज्य आलं ना, तर पहिला हुकूम मी काढीन. नवऱ्याने आपला चष्मा आपण शोधायचा." मी तो रडका सिनेमा फेकला आणि खिशातलं पेन काढलं. 'मिशा खाली!' मध्ये राज्याभिषेकानंतर सेनापतीणबाई हाच हुकूम वाचतात. थिएटर कोसळलं. तिने अंधारात मला कोपर मारलं आणि कानात म्हणाली, "बघा, माझं राज्य आलं."

तेव्हा तिला मजा वाटायची. ती काही बोलली की माझा हात खिशाकडे जायचा, तो पाहून म्हणायची, "घ्या लिहून, फुकट आहे." ती एरवी मला अहो-जाहो करी, पण भांडायला लागली की सरळ 'तू'वर यायची आणि मग तर काय, एकेक वाक्य असं की मी भांडण लांबवायचो. खरं सांगतो, मुद्दाम लांबवायचो. पाच सिनेमे त्या भांडणांवर निघाले. पाट्यांवर 'कथा, पटकथा, संवाद' यापुढे माझं एकट्याचं नाव आहे.

शेवट मात्र तिचे नव्हते. शेवटी दर वेळी सेनापतीणबाईंसमोर उंदीर यायचा, त्या किंचाळून सेनापतीच्या गळ्यात पडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका आपापल्या चुलीपुढे. वितरकाने बजावलं होतं, बायका जिंकल्या तर मी सिनेमाचे डबे उचलणार नाही. तिने एकदा म्हटलं, "एकदाच जिंकू द्या की हो. त्या बिचाऱ्या चार सिनेमे उंदराला भितायत."

मी म्हटलं, "लोकांना पटत नाही."

ती म्हणाली, "मग कोणालाच जिंकवू नका. नाहीतरी तुमच्या दोन्ही फौजा एकाच टेम्पोतून घरी जाणारायत."

हे वाक्य तेवढं मी सिनेमात घेतलं नाही. त्याचं मोल मला कळलं नाही. बाकी सगळं उचललं आणि जे खरं होतं ते तिथेच टाकलं.

कलम सहा. 'आतून कडी' या सिनेमाबाबत.

तिची आई गेली त्याला आठवडा झाला होता. घरात माणसं होती, येणं-जाणं होतं, आणि ती सगळ्यांचं करत होती. चहाची पातेली, अंथरुणं, कोणाची गोळी, कोणाचा पंचा. दुपारी ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दार वाजवलं. मला माझा रुमाल सापडत नव्हता. हो, त्यासाठीच वाजवलं. आतून ती म्हणाली, "वाजवू नकोस दार. इथे तरी मला कोणी विचारत नाही, हे कुठे ठेवलंय नि ते कुठे ठेवलंय. माझी आई गेलीय रे. आणि सगळ्यांचे रुमाल कुठेयत ते मला माहितेय, माझा कुठेय ते मला माहीत नाही."

मग ती रडली. दाराच्या बाहेर मी उभा होतो आणि माझा हात खिशाकडे गेला.

'आतून कडी' मध्ये हा प्रसंग एका आडदांड नटाने टोप घालून केला, डोक्यावर बादली उपडी. मी आईच्या जागी मांजर केली. "माझी मांजर गेलीय रे!" मला वाटलं, हा बदल मी सभ्यपणे केला. खोटं वाटेल, पण मी स्वतःवर खूश होतो. शब्द न् शब्द तोच ठेवला, रुमालासकट, आणि रडणंसुद्धा तसंच करायला शिकवलं, आधी एक उचकी, मग गप्प, मग पुन्हा. नटाला जमत नव्हतं. मी करून दाखवलं.

पहिल्या खेळाला ती माझ्या शेजारी बसली होती. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते. मी तिच्या कोपराची वाट पाहत होतो. तिने वाकून खुर्चीखाली चपला शोधल्या, सापडल्या, पायात घातल्या, आणि तशीच बसून राहिली. सिनेमा संपेपर्यंत बसली. मला सोडून गेली असती तर मी निदान मागे धावलो असतो. दुसऱ्या आठवड्यात लोक घरून रुमाल आणायला लागले. तो प्रसंग आला की सगळं थिएटर पडद्यावर रुमाल फेकायचं. झाडूवाला पोती भरायचा. वितरकाने मला मिठी मारली होती.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलते ते एवढंच. जेवण झालंय. गॅस संपलाय. फोन आला होता. तुम्ही बघा. तिने अबोला धरला असता तर मी तो फोडला असता, पण हा अबोला नाही. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर मिळतं. फक्त त्यात उचलण्यासारखं काही नसतं. ती पुन्हा कधी भांडली नाही, पुन्हा कधी 'तू' म्हणाली नाही. मुलीला वाटतं आई मुळातच कमी बोलणारी आहे. पुढचे दोन सिनेमे मी माझ्या डोक्याने लिहिले आणि ते सपाटून पडले. एका परीक्षकाने लिहिलं की दिग्दर्शक थकला. दिग्दर्शक थकला नव्हता, त्याच्या घरात शांतता होती.

मी माफी मागितली का, असं भाचा आत्ता टाइप करता करता डोळ्यांनी विचारतो आहे. एकदा मागितली. चांगली वाक्यं जुळवून मागितली. ती ऐकून ती म्हणाली, "बरं." आणि माझ्या खिशाकडे पाहिलं. तेव्हापासून मी तिच्यापुढे वाक्यं जुळवली नाहीत.

कलम सात. सातही सिनेमांच्या डब्यांबाबत, जे पलंगाखाली आहेत.

वर सांगितलेल्या मंडळाने ते मागितले आहेत. ते साफसूफ करून मोठ्या पडद्यावर दाखवणार, मला खुर्चीत बसवून व्यासपीठावर नेणार, शाल देणार. त्यांच्या मते मी काळाच्या पुढे होतो. 'आतून कडी' च्या वेळी दारात प्रत्येकाला एकेक रुमाल वाटायचा बेत आहे. ती मुलगी हे मला उत्साहाने सांगत होती आणि आतल्या खोलीत कपाट बंद झाल्याचा आवाज आला. मी पत्नीला तीनदा विचारलं, देऊ का डबे? तिन्ही वेळा उत्तर आलं, "तुम्ही बघा."

मी खूप बघितलं. म्हणून असं ठरवतो की सातही सिनेमे, त्यांचे सर्व हक्क, त्यातलं प्रत्येक वाक्य, बोललेलं, रडलेलं, हे आजपासून, माझ्या पश्चात नव्हे, आजपासून, माझ्या पत्नीच्या मालकीचं आहे. तिने ते जाळावे, मंडळाला द्यावे, 'आतून कडी' तेवढा जाळून बाकीचे द्यावे, किंवा उंदीर कापून टाकून बायकांना जिंकवावं. कोणी हरकत घेऊ नये. पाटीवर तिचं नाव घालायचं की नाही हेही तिने ठरवावं; कदाचित तिला त्यात स्वतःचं नाव नकोच असेल, आणि तसं असलं तर त्याची लाज मला वाटावी, तिला नको. मला शाल नको. माझी एकच इच्छा आहे, आणि ती मिळकतीत बसत नाही असं भाचा म्हणतो. मरण्याआधी मला एकदा तिच्याकडून शिव्या खायच्या आहेत. नीट, पोटभर, पूर्वीसारख्या.

इथे टाइप करणं थोडा वेळ थांबलं होतं. त्याचं कारण असं.

स्वयंपाकघरातून शेंगा मोडल्याचा आवाज बऱ्याच वेळापासून येत नव्हता. पत्नी दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. टोपवाल्यांनी कप खाली ठेवला. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग ती बोलली. पहिला शब्द 'तू' होता. भाच्याची बोटं सवयीने चालू झाली, ती मी धरली.

तो म्हणाला, "मामा, हे घ्यायचं नाही का? तुम्हीच म्हणालात सगळं घे."

मी म्हटलं, "हे नको."

ती बराच वेळ बोलली. बसून नव्हे, उभ्यानेच. मला कुठेही मध्ये बोलू दिलं नाही, आणि मी बोललोही नाही. ऐकताना माझी मान खाली होती आणि ती तशीच असायला हवी होती. एका ठिकाणी तिने असं काही म्हटलं की टोपवाल्यांना ठसका लागला आणि मला, इतकी लाज वाटत असताना, हसू फुटलं. ती थांबली. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं. माझे दोन्ही हात पांघरुणावर होते आणि मी ते तिथेच ठेवले. मग ती पुढे बोलायला लागली.

त्यानंतर भाच्याने विचारलं, कलम सात बदलायचं का. पत्नी म्हणाली, "त्याचं मी बघते. तू आधी ते कडीचं काम कोणाला तरी सांग." हे 'तू' भाच्याला उद्देशून होतं, तरी मला आवडलं.

कलम आठ, आणि हे शेवटचं. आज दुपारी माझ्या पत्नीने या खोलीत जे सांगितलं ते वर नमूद केलेल्या स्थावर-जंगम मिळकतीत धरू नये. ते मी कोणालाही देत नाही, कुठेही लिहिलेलं नाही, आणि साक्षीदारांनी ते बाहेर सांगू नये अशी त्यांना विनंती आहे. कलम पाचमधल्या पेनाचा निर्णय आता माझ्याकडे राहिलेला नाही.

हे मृत्युपत्र मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आलं. ते बरोबर आहे. त्यातलं माझं वागणं बरोबर नाही. दोन्ही गोष्टी मान्य करून सही करतो.

लिहून ठेवणार: (सही, वाकडी)

ठिकाण: पुढची खोली, पलंगावर बसून, मधलं दार उघडं.
तारीख: भाच्याने शिक्क्यावर घातली आहे ती. वार शनिवार, हे मला डॉक्टरीणबाईंनी न विचारता आठवलं.

साक्षीदार एक: खालच्या मजल्यावरची डॉक्टरीण. गृहस्थ पूर्ण शुद्धीवर आहेत. सकाळपेक्षा जास्त. (सही)

साक्षीदार दोन: टोपवाले. सही आमच्यासमोर झाली. मी काही ऐकलेलं नाही. सहीसाठी पेन वकिलांचं घ्यावं लागलं, कारण साहेबांच्या खिशातलं बाईंनी आधीच काढून घेतलं होतं. (सही)